फुवांच्या हातून हरवलेलं चाक

तापीच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या काठावर असा एकही जुना ट्रॅक्टर नसेल, ज्याच्या पोटात आमच्या फुवांनी हात घातलेला नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गाव ब्राह्मणपुरी, व्यवसाय शेती, आणि शेतीकडे लक्ष जवळजवळ नाही. पपई लावतात ती सालदार पाहतो, कापूस आत्या पाहते, आणि फुवा गिअरबॉक्स पाहतात. फक्त गिअरबॉक्स. इंजिनला ते बोट लावत नाहीत. एकदा कोणी तरी इंजिन धूर सोडतंय म्हणून त्यांना आणायला आलं, तर त्यांनी त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या मिस्तरीचं नाव सांगून वाटेला लावलं. वर म्हणाले, "इंजिन फक्त आरडस. इचार गिअरबॉक्स करस." याला कोणी हसलं तर फुवा रागावत नाहीत. हसणाऱ्याला समज कमी आहे एवढं मनाशी नोंदवतात आणि पुढं चालू लागतात.

हे काम ते पांढऱ्या कपड्यांत करतात. परीटघडीचं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधलं तेल म्हणजे काळं, चिकट, एकदा लागलं की कापड फाटेपर्यंत सोबत करणारं. त्यात कोपरापर्यंत हात घालून फुवा बाहेर येतात तेव्हा हात काळे असतात आणि बाही बगळ्यासारखी पांढरी. हे कसं जमतं ते मी पुष्कळदा जवळ उभा राहून पाहिलं आहे आणि मला कळलेलं नाही. शर्टावर ठिपका पडलाच तर ते काम थांबवतात, हत्यारं पुसतात, घरी जातात आणि कपडे बदलून येतात, मग घर पाच मैलांवर का असेना. आत्या म्हणते, "या मानूसनी पहिली बायको गिअरबॉक्स शे. मी दुसरी. पन कपडा धुवाले दुसरीच लागस."

निदान करण्याची त्यांची रीत तर पाहण्यासारखी. ट्रॅक्टर चालू करायला लावतात, टोपी काढतात, आणि गिअरच्या दांड्यावर कपाळ टेकवून डोळे मिटून उभे राहतात. बराच वेळ. ट्रॅक्टर थरथरतो, फुवांचे गाल थरथरतात, मिशा थरथरतात, पण ते हलत नाहीत. प्रकाशा या तीर्थगावी देवळाबाहेर एका यात्रेकरूचा ट्रॅक्टर बंद पडला होता तेव्हा त्यांनी असंच कपाळ टेकवलं. एका म्हातारीला वाटलं, हाही काही तरी नवसाचा प्रकार असावा. तिने फुवांच्या मागे रांग लावली आणि त्यांचं झाल्यावर दांड्याला हळदकुंकू वाहून नमस्कार केला. फुवांनी तिला अडवलं नाही. उलट म्हणाले, "बराबर करं, माय. यान्हावरच सगळं चालस."

वासावरूनही त्यांना कळतं. झाकण उघडलं की पहिलं बोट तेलात आणि मग नाकाशी. एका गृहस्थाने आपला खडखडणारा ट्रॅक्टर विकायच्या आधी आवाज दबावा म्हणून गिअरबॉक्समध्ये पिकलेली केळी भरली होती. आमच्या भागात केळीला काय कमी! ट्रॅक्टर रेशमासारखा चालला, घेणारा खूष झाला, आणि चार दिवसांनी फुवांकडे आला. फुवांनी बोट नाकाशी नेलं, गंभीर झाले आणि विचारलं, "आठे शिकरन कोनी करेल शे?" ती गोष्ट शहाद्याच्या बाजारात अजून सांगतात आणि प्रत्येक वेळी केळ्यांची संख्या वाढते.

कान तर विचारूच नका. एका लग्नाच्या मिरवणुकीत, बँड वाजत असताना, नवरदेव घोड्यावर असताना, फुवा एकाएकी थांबले आणि हात वर केला. बँड थांबला. लोकांना वाटलं कुणाला चक्कर आली. फुवा मागे चालत गेले, जनरेटर ओढणाऱ्या ट्रॅक्टरपाशी उभे राहिले आणि चालवणाऱ्याला म्हणाले, "भो, तुन्हा दुसरा गिअरना एक दात गयेल शे. आते गिअर नको बदलू, मांडोपर्यंत अस्साच चाल." मग बँडवाल्यांकडे वळून म्हणाले, "हां, वाजाडा." नवरदेव घोड्यावरून म्हणाला, "फुवा, आते लगीन लागू देशात ना?"

गिअरबॉक्स हे त्यांच्या मते एकत्र कुटुंब असतं. वरचा शाफ्ट म्हणजे सासरा: दिसतो मोठा, पण स्वतःहून काही करत नाही. खालचा शाफ्ट म्हणजे सासू: तेलात बुडालेली, सगळ्यांशी दात लावून, आणि ती फिरली की सगळे फिरतात. सरकणारी चाकं म्हणजे जावई, आज या घरी तर उद्या त्या घरी. आणि मागे जाण्यासाठी जे लहानसं चाक मध्ये येतं, ती नणंद. एरवी बाजूला बसून असते, पण एकदा मध्ये आली की सगळं उलटं फिरतं. हे ते आत्याच्या देखत सांगतात. आत्या म्हणते, "आनि तुम्ही कोन त्यामा?" फुवा म्हणतात, "मी तेल."

इतकं सगळं असूनही त्यांचा खरा अभिमान निराळाच आहे. जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलला की एखादा वायसर उरतो, एखादी चकती कुठे तरी जाते, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. फुवांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सुटे भाग ते जुन्या लुगड्यावर ओळीने मांडत, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, आणि झाकण बंद होईपर्यंत तिथून हलत नसत. जेवण तिथेच, दुपारची डुलकी तिथेच. "मन्हा हातमाईन एक वायसरबी हारपत नही," हे वाक्य ते ओळख नसलेल्या माणसालाही ऐकवत. लोक म्हणत, फुवा फुशारकी मारतात. मारत असत, पण ती खोटी नव्हती.

आता आप्पांचं सांगतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते गेल्या हिवाळ्यात गेले. मी नंदुरबारला कॉलेजच्या ग्रंथालयात असतो. शेती मोठा भाऊ पाहतो, त्याला मी दादा म्हणतो. आप्पांचा जुना लाल ट्रॅक्टर खळ्यात उभा होता, गिअर अडकलेला. शेवटची काही वर्षं तो गिअर फक्त आप्पांच्याच हाताने पडत असे. दांडा थोडा मागे, मग डावीकडे, मग जणू काही विसरल्यासारखं थांबायचं, आणि मग पुढे. आप्पा आजारी पडल्यावर दादाने एकदा जोर लावला आणि आत काही तरी कडकन मोडलं.

आईला तो ट्रॅक्टर जाऊ द्यायचा नव्हता. हे तिने दादाला सांगितलं नाही, कारण सगळा भार त्याच्यावर होता आणि तिला त्याच्या शब्दाबाहेर जायचं नव्हतं. मला मात्र एकदा चुलीपाशी म्हणाली, "तो दारशी ऱ्हाऊ दे ना रे." मी का म्हणून विचारलं नाही. मला माहीत होतं. आप्पा संकोची माणूस. गावात ते आईच्या चार पावलं पुढे चालत, घरात माणसांचा राबता, सासू-सासरे, दीर, त्यामुळे दोघांनी एकमेकांशी बोलावं असा कोपरा नव्हता. ते बोलत ते ट्रॅक्टरवर. आप्पा चालवत आणि आई बाजूच्या मडगार्डवर बसे, पदर दातांत धरून. त्या आवाजात त्यांचं बोलणं कुणालाच ऐकू येत नसे. आम्ही मुलं मागून पाहायचो, तर आई हसताना दिसायची. काय बोलत, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आमच्याकडे घरात माणूस गेला की नातेवाईक दारावर बसायला येतात, आणि गंधमुक्तीचा विधी झाल्यावर सुतक संपतं. फुवा आत्याला घेऊन आले ते तोवर राहायलाच. पहिला दिवस ते पुरुषांत बसून होते. आप्पा त्यांचे मेहुणे, पण मेहुण्यापेक्षा अधिक. दादाने आलेल्या मंडळींसमोर सांगितलं की गंधमुक्ती झाली की नवापूरकडचा एक जण ट्रॅक्टर पाहायला येणार आहे. डोंगरातल्या रस्त्याने लाकूडफाटा, धान्य वाहायला त्याला हवा होता. "चालू व्हई गया तं तो लई जाई. नही तं भंगारमा," दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. उभ्या वस्तूला गंज लागतो, आणि आप्पांच्या वस्तूला गंज लागलेला त्याला पाहवत नव्हता. आई आत दाराच्या आडोशाला बसली होती. तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुवांनी लुगडं पसरलं.

सुतकात असं काम करावं की नाही यावर थोडी कुजबुज झाली. पण आमच्याकडे दारावर येणारा प्रत्येक माणूस शेतकरी, आणि उघड्या गिअरबॉक्सकडे पाठ करून बसू शकेल असा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. माणसं यायची, डोक्यावर टॉवेल घ्यायची, खाली मान घालून बसायची, आणि घटकाभराने एकेक करून खळ्याकडे सरकायची. दुपारपर्यंत ओट्यावर फक्त मी उरलो. आप्पांचे एक जुने मित्र प्रकाशाहून आले. ते फुवांना पाहताच गळ्यात पडून रडू लागले. फुवांनीही डोळे पुसले, मग त्यांच्या हातात एक बेअरिंग दिलं आणि म्हणाले, "रडा, आबा, मन भरीसन रडा. पन रडता रडता हाई धरा." आबांनी बेअरिंग धरलं, आणि रडणं संपल्यावर ते उलटं आहे हेही त्यांनीच दाखवून दिलं.

आणि मग फुवा आप्पांविषयी बोलले. एकेक चाक डिझेलने धुऊन, उन्हाकडे धरून, सगळ्यांना दाखवत. "हाऊ दुसरा दखा. दात आरदा झिजी गयात. मानूस सगळी जिंदगी दुसरामाच चालना. घाई नही करी कधी." मागे जाण्याचं चाकही झिजलेलं होतं. ते त्यांनी बोटांनी चाचपलं. "हाई रोज संध्याकायनं. दारशी मांगे लेवानं." आणि खालच्या शाफ्टवरचं ताटलीएवढं मोठं चाक वर उचललं, ज्याच्यामुळे ट्रॅक्टर रस्त्याला वेगाने धावतो. त्याचे दात जवळजवळ कोरे होते, चमकत होते. "आनि हाई रस्तानं. नवं शे. कोठेच गया नही तो मानूस. वावर आनि घर." मी आयुष्य पुस्तकांमध्ये काढलं, पण माणसाचं इतकं खरं चरित्र मी वाचलेलं नाही. मला वाटलं, आप्पा त्या लुगड्यावर मांडून ठेवले आहेत आणि फुवा एकेक पान उलटत आहेत. दाराच्या आडून आईही ऐकत होती.

जेवणाच्या वेळी गर्दी वाढली, वाढायला बायकाही खळ्यात ये-जा करू लागल्या. पाण्यासाठी शेजारून आणखी एक माठ आणला, तो ओट्याच्या कडेला ठेवला. फुवा उठून पाणी प्यायला तिथे गेले. वाकले, पेला भरला, आणि वाकलेलेच राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग सरळ झाले, पाणी प्यायले, आणखी एक पेला भरून तोही प्यायले. आत्याला विचारलं, "वयनीनी काही खादं का?" आत्या म्हणाली, "कोठे खास ती." फुवांनी पेला माठावर पालथा घातला. मग चाकं सरकवणारा मोडलेला काटा वेल्डिंग करून आणायचा आहे, पॅकिंगही लागेल, असं सांगून शहाद्याला गेले. लुगडं, सुटे भाग, सगळं तसंच उघड्यावर टाकून. आत्या पाहतच राहिली.

परत आले ते उन्हं कलताना. जोडणी सुरू झाली, चाकामागून चाक बसत गेलं. आणि मग फुवांनी हात थांबवला आणि म्हणाले, "रस्तानं चाक कोठे शे?"

सगळं खळं उठलं. चारा उचलला, पोती झटकली, कोंबड्यांची खुराडी पाहिली. दादा म्हणाला, सकाळी भंगारवाला गल्लीतून गेला होता. आबांनी आपल्या खिशात हात घालून पाहिला. आणि फुवा, आमचे पांढरेशुभ्र फुवा, ट्रॅक्टरखाली आडवे झाले, ट्रॉलीखाली सरपटले, उकिरड्यापर्यंत गुडघ्यांवर गेले. बाहेर आले तेव्हा धोतर काळं, शर्ट काळा, टोपी कुठे तरी पडलेली. आत्याने तोंडावर हात ठेवला. फुवा सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "हारपनं. मन्हा हातमाईन हारपनं. चूक मन्हीच शे."

"दुसरं मिळी ना?" दादाने विचारलं.

"या मॉडेलनं चाक आते कोठे भेटस, भो?" फुवा म्हणाले. सुरतेपासून भुसावळपर्यंतच्या रेल्वेच्या दोन्ही अंगांना कोणत्या भंगारात कोणतं चाक पडून आहे हे तोंडपाठ असलेला माणूस हे बोलत होता. मग त्यांनी आपल्या पिशवीतून लोखंडी पाइपाचा एक तुकडा काढला. चाकाच्या जागी शाफ्टवर घालायचा, म्हणजे बाकीची चाकं जागा सोडत नाहीत. "शेतीना सगळा गिअर चालतीन. फक्त रस्ताले पळाव नही."

हात पुसताना तो तुकडा त्यांनी मला धरायला दिला. लेथवर कापलेला होता, दोन्ही कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि शाफ्टवर केसाचाही फरक न पडता बसला. म्हणजे शहाद्याला जाताना फुवांना माहीत होतं.

मी पाणी प्यायला गेलो. माठाखाली ओलं गोणपाट होतं. त्याची कड मी उचलली. खाली दात चमकत होते. माठ त्यावर ऐटीत बसला होता, जरासुद्धा न हलता. मान वर केली तर आई दारात उभी. माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, "माठ हाली ऱ्हायंता." आणि आत गेली. मी गोणपाट नीट केलं.

गंधमुक्ती झाली. नवापूरकडचा माणूस आला, खळ्यात एक फेरी मारून त्याला आवडलाही. रस्त्याला धावणार नाही म्हटल्यावर हसला. "मंग डोंगरमा काय याले खांदावर लई जाऊ?" म्हणाला, आणि चहा घेऊन गेला. दादाने हात झटकले. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आते. वावरमा कामले ई." भंगाराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. कदाचित त्यालाही तेच हवं होतं.

फुवांचं मात्र जे व्हायचं ते झालं. हरवलेल्या चाकाची बातमी त्यांच्या आधी ब्राह्मणपुरीला पोहोचली. केळ्यांची गोष्ट मागे पडली. चहाच्या टपरीवर पोरं विचारतात, "फुवा, धोतरना सोगामा दखं का?" बाजारात कोणी ट्रॅक्टर दाखवायला आणलाच तर म्हणतो, "चाकं मोजीसन ठेवज्या बरं." आणि ज्या माणसाने नवरदेवाला घोड्यावर थांबवून ठेवलं, तो माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "हां भो, मोजा. मन्हा आते भरोसा नही." एकदा मी सोबत होतो. मला राहवेना, मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि पुढे चालायला लागले. आत्यालाही त्यांनी सांगितलेलं नाही, असं मला वाटतं. मला अनेक विद्वान माणसं भेटली आहेत, दानशूरही भेटली आहेत. पण आयुष्यभर जपलेला एकुलता एक तोरा कुणाच्या तरी दाराशी असा चिखलात ठेवून, मागे वळूनही न पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

परवा मी गावी गेलो होतो. फुवा आलेले होते. दादा ट्रॅक्टर घेऊन वावरात निघाला होता आणि आई म्हणाली, मीपण येते. ती मडगार्डवर चढली, पदर सावरला. ट्रॅक्टर निघाला, आता निघतो तसा, माणसाने सहज बरोबर चालावं इतक्या बेताने. फुवा आणि मी मागून चालत होतो. मी चाल वाढवली, म्हटलं जवळ जाऊन ऐकावं, जोडणी कशी वाजते. फुवांनी मला मागे ओढलं.

"आवाज कसा शे पाहू ना, फुवा."

"कसाले?" फुवा म्हणाले. "तुन्ही माय बठेल शे ना तठे. मांगे ऱ्हाय."

आणि ते आणखी हळू चालू लागले, ट्रॅक्टरमध्ये आणि आमच्यामध्ये पुरेसं अंतर पडेपर्यंत. आईचं तोंड पुढे होतं. ती काही बोलत होती की नाही, मला सांगता येणार नाही. दादा समोर पाहून चालवत होता. फुवा मान खाली घालून, हात पाठीमागे बांधून, धुळीतल्या चाकोरीवरून चालत राहिले, जणू त्यांना त्या ट्रॅक्टरचं काहीच ऐकू येत नव्हतं.